मुलगा कसा आहे, आणि क्लोरीन कसा आहे?

मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळीत घालून तापवायचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो. खडा हळूहळू पांढरा पडतो, नळीच्या गार तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. मग सर त्या पांढऱ्या पुडीवर दोन थेंब पाणी टाकतात आणि ती परत निळी होते. आपण वहीत लिहितो, ‘स्फटिकजल निघून गेल्यामुळे रंग जातो’, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण मग निळं कोण होतं? पाणी तर निळं नाही. ती पांढरी पूडही निळी नाही. दोघं एकमेकांना लागून बसले की निळं दिसतं, उठले की जातं. ‘मोरचुदाचा रंग निळा’ हे वाक्य आपण एखाद्याचं आडनाव सांगावं तसं सांगतो, पण ते आडनाव एकट्याचं नाही.

मी सुलतानपूरचा. तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा. आमच्याकडे क्षार हा शब्द पुस्तकात भेटण्याआधी डोळ्यांना दिसतो. लोणारचं सरोवर म्हणजे बेसॉल्टच्या काळ्या खडकात उल्केच्या धडकेनं पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा आणि त्यात साचलेलं खारं पाणी, सामू दहाच्या आसपास. ‘ऐन-ए-अकबरी’त या जागेची नोंद आहे, त्यात इथं काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो असं म्हटलंय. पाणी आटलं की काठावर क्षार उरायचा, तो गोळा करून विकायचे, आणि त्याच्या प्रतींना नावं होती : डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. सरोवराचं पाणी 2020च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा तुमच्या मोबाइलवरही ते फोटो आले असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. गुलाबीपणा खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. ते तळाशी बसू दिले की वर साधं, पारदर्शक पाणी.

लोणारच्या क्षारांमध्ये ट्रोना नावाचा एक आहे. त्यात सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि पाणी असतं. सूत्र लिहिताना आपण दोनपैकी एका गटाला कार्बोनेट म्हणतो आणि दुसऱ्याला हायड्रोजन देऊन बायकार्बोनेट करतो. म्हणजे हायड्रोजनचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर. प्रत्यक्ष स्फटिकात बघितलं तर तो हायड्रोजन दोन गटांच्या दोन ऑक्सिजनच्या मधे असतो, कधी जरासा इकडे, कधी जरासा तिकडे, आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या. तो कुणाचा, हे ठरवता येत नाही. माहिती कमी पडते म्हणून ठरत नाही असं नव्हे, तिथं तशी वाटणी झालेलीच नाही. आमच्या भागात बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या लोकांना ही गोष्ट सांगून बघावी असं मला कधीकधी वाटतं.

आता थोडं फिजिक्स. कंटाळा आला तरी सोडू नका, पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. क्लोरीनचं केंद्रक चेंडूसारखं पुरतं गोल नाही, त्याचा आकार थोडा बिघडलेला आहे. या बिघाडाला ‘क्वाड्रुपोल मोमेंट’ म्हणतात. तो त्या केंद्रकाचा स्वतःचा, जन्माचा. भोवती इलेक्ट्रॉन आणि शेजारचे अणू असतात, त्यांचं विद्युत क्षेत्र असतं. हे क्षेत्र सगळ्या बाजूंनी सारखंच बदलत असेल तर केंद्रक कसंही वळलं तरी फरक पडत नाही. एका दिशेनं वेगळं बदलत असेल, तर केंद्रकाला काही दिशांनी वळून बसणं ऊर्जेच्या हिशेबानं स्वस्त पडतं, काही दिशांनी महाग. स्वस्त आणि महाग यांमधला फरक रेडिओ लहरींनी मोजता येतो. नेमक्या वारंवारतेची लहर सोडली की स्फटिक ती शोषतो. यालाच न्यूक्लियर क्वाड्रुपोल रेझोनन्स म्हणतात, एनक्यूआर. एमआरआयसारखा अवाढव्य चुंबक यासाठी लागत नाही.

1950 साली जर्मनीत ग्यॉटिंगन इथं हान्स डेमेल्ट आणि ह्यूबर्ट क्र्यूगर यांनी हे पहिल्यांदा दाखवलं, तेही क्लोरीनच्याच केंद्रकावर.

आता आकडे बघा. क्लोरीन-35 हे केंद्रक जगात कुठंही घ्या, अगदी एकसारखं. पण काड्यापेटीच्या गुलात असतं त्या पोटॅशियम क्लोरेटमध्ये ते साधारण 28 मेगाहर्ट्झला बोलतं. निव्वळ क्लोरीन वायू गोठवून घन केला तर 54च्या आसपास. (तुमच्या फोनवरचा एफएम 88ला सुरू होतो, त्याच्या खालचा हा भाग.) आणि जेवणातल्या मिठात ते काहीच बोलत नाही. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम अगदी सारख्या अंतरावर बसलेले असतात, ओढ सगळीकडून सारखी. केंद्रकाचा बिघाड जिथल्या तिथं आहे. दिसत मात्र नाही.

या ‘दिसत नाही’पाशी मी बरेच दिवस अडकलो होतो.

धातूंच्या सजल क्षारांत, म्हणजे ज्यांच्या स्फटिकात पाणी बसलेलं असतं त्यांत, गोष्ट आणखी बारीक होते. एकाच धातूला चिकटलेले दोन क्लोरीन असतात. कागदावर दोघं सारखेच. पण पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन त्यांतल्या एकाकडे झुकलेला असतो. हा हायड्रोजन बंध. त्याची ताकद किती? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन ज्या बंधानं बांधलेले असतात त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी. लग्नाच्या गाठीपुढे ओळखीचा नमस्कार म्हणा. पण तेवढ्यानं त्या क्लोरीनभोवतीचे इलेक्ट्रॉन जरा सरकतात आणि त्याची वारंवारता शेजाऱ्यापेक्षा वेगळी होते, बहुधा खाली उतरते. एकाच घरातले दोघं, एकाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे आणि दुसऱ्याच्या नाही, एवढाच फरक. आणि तो रेडिओवर स्पष्ट ऐकू येतो.

तापवल्यावर तर मजाच होते. एरवी तापमान वाढलं की अणू जास्त झुलतात, क्षेत्रातला फरक सरासरीत विरघळतो आणि वारंवारता उतरते. हायड्रोजन बंधात अडकलेल्या क्लोरीनचं कधीकधी उलटं होतं. उष्णतेनं बंध सैल पडतो आणि वारंवारता चढते. ऊन तेच, स्फटिक तोच. एक खाली जातो, एक वर येतो.

हे सगळं मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वाचलं. जुने पेपर, पिवळ्या पडलेल्या आलेखांच्या स्कॅन केलेल्या प्रती. तेव्हा ते मार्कांपुरतं होतं. मग एका संध्याकाळी एक फोन आला.

माझ्या चुलतभावासाठी स्थळ आलं होतं. मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे चौकशी सुरू केली होती आणि घरातला शिकलेला, बाहेरगावी राहणारा म्हणून माझा नंबर कुणीतरी दिला होता. मुलीचे वडील होते. आधी पाऊस, मग सोयाबीनचा भाव, मग मी कुठं नोकरीला. मग म्हणाले, “राग मानू नका भाऊ, पोरीचा बाप आहे म्हणून विचारतो. पोरगा कसा हाये? खरं सांगा.”

आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते वेगळं सांगायला नको. भाऊ तिशीला टेकलाय. मी ‘चांगला आहे’ म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. तो पहाटे उठतो, सात एकर एकट्यानं ओढतो, काकांचं सगळं अंथरुणात करतो. पण चार वर्षांपूर्वी काकांना लकवा झाला, त्याच हंगामात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सडलं, आणि पुढचे आठ महिने भाऊ रोज प्यायचा. एकदा त्यानं काकूवर हात उचलला. मग थांबला. त्यानंतर दारूला शिवलेला नाही. हेही खरं.

मी म्हणालो, “काका, मला दोन दिवस द्या.”

त्या दोन दिवसांत मला गावातली दोन मतं परत परत ऐकू येत होती, कारण लहानपणापासून तीच ऐकलीत. पहिलं : माणसाचा स्वभाव असतो, तो वेळ आली की बाहेर पडतो. हात उचलला तेव्हा खरा माणूस दिसला, बाकी सगळं झाकण. दुसरं : परिस्थितीनं केलं. पोरगा मुळात सोन्यासारखा, वेळ वाईट होती. एक म्हणतं खरा माणूस त्या आठ महिन्यांतला, दुसरं म्हणतं खरा माणूस बाकीच्या वर्षांतला. भांडण फक्त कोणता, यावर. परिस्थिती सोलून काढली की आत एक खरा माणूस सापडेल, हे दोघांनी धरूनच ठेवलेलं.

एनक्यूआरवाल्यांना हे सोलणं जमत नाही, आणि का जमत नाही ते त्यांना नेमकं माहीत आहे. जी वारंवारता मोजली जाते ती केंद्रकाचा बिघाड आणि भोवतालच्या क्षेत्राचा उतार यांच्या गुणाकारावर ठरते. बेरीज असती तर म्हणता आलं असतं, 28पैकी 20 याचे, 8 त्याचे. गुणाकारात ‘किती टक्के कुणाचे’ हा प्रश्नच लागू पडत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या नावावर एक गोष्ट सांगतात. स्वभाव महत्त्वाचा की परिस्थिती, असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं म्हणे, आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा जास्त की रुंदीचा? आमच्या सात एकरांत किती एकर लांबीमुळे आलेत, सांगा.

तरीही केंद्रकाचं स्वतःचं असं काही कळतच नाही का? कळतं, आणि कसं कळतं ते मला फार आवडतं. क्लोरीनची केंद्रकं निसर्गात दोन तऱ्हेची असतात, 35 आणि 37. रासायनिकदृष्ट्या सख्खे भाऊ. एकाच स्फटिकात, एकाच जागी कधी हा बसतो, कधी तो. दोघांच्या वारंवारतांचं गुणोत्तर काढलं तर ते सुमारे 1.27 येतं, आणि क्षार कुठलाही घ्या, तेवढंच येतं. शेजार दोघांना समान, म्हणून तो भागाकारात उडून जातो आणि उरतं ते ज्याचं त्याचं. पण फक्त गुणोत्तर. एकट्याचं माप नाही.

मग मला आणि भावाला लावू का हे? गावानं ते कधीच लावलंय. एकाच वाड्यात वाढलेली दोन पोरं, एक शिकला, एक पिला. लोक माझ्यासमोर कौतुकानं म्हणतात आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. पण वाडा एक नव्हता. मी चौथीत असताना मधे भिंत पडली. भिंतीच्या अलीकडे माझ्या वडिलांचा मास्तरकीचा पगार पहिल्या आठवड्यात यायचा, पलीकडे सगळं पावसावर. माझ्या घरात कुणाला लकवा झाला नाही. क्लोरीनच्या दोन भावांना मिळते तशी एकच जागा आम्हाला मिळाली नाही, त्यामुळे आमचं गुणोत्तर काढायला बसणं म्हणजे शुद्ध चहाटळपणा आहे.

तत्त्वज्ञानात याला नैतिक नशीब म्हणतात. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी या नावानं तो प्रश्न मांडला. नेगलचं उदाहरण अंगावर येतं : नाझी सत्तेवर आले नसते तर छळछावणीतला एखादा अधिकारी निरुपद्रवी आयुष्य जगून गेला असता, आणि अर्जेंटिनात निवांत जगलेला एखादा माणूस, धंद्यासाठी 1930 साली जर्मनी सोडून गेला नसता तर, त्याच छावणीत अधिकारी झाला असता. मिठातला क्लोरीन आठवतो. बिघाड आहे, ऐकू येत नाही.

एनक्यूआर शोधणारा डेमेल्ट स्वतः त्याच जर्मनीतला. विमानविरोधी तोफखान्यात भरती झाला, स्टालिनग्राडच्या आघाडीवर गेला, नशिबानं सुटला. 1943मध्ये सैन्यानंच त्याला फिजिक्स शिकायला पाठवलं, मग परत आघाडी, बास्तोन्यला अमेरिकनांच्या हाती कैद. सुटल्यावर जुने रेडिओ दुरुस्त करून पोट भरत ग्यॉटिंगनला शिकला. 1989 साली नोबेल मिळालं, ते एनक्यूआरसाठी नव्हे, एकेकटा इलेक्ट्रॉन किंवा आयन सापळ्यात पकडून ठेवण्याच्या तंत्रासाठी. भोवतालच्या गर्दीतून काढून एकटा कण बघायचा, हे याच माणसाला सुचावं याचं मला नवल वाटत नाही. पण त्या एकट्या कणालाही सापळा लागतोच.

इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण इथून गाडी सहज चुकीच्या रस्त्याला लागते. स्वभाव वेगळा काढता येत नाही, म्हणून जबाबदारीही काढता येत नाही, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. जबाबदारी म्हणजे कारणांतला टक्का नव्हे. काकूला लागलेली थप्पड लकव्यानं मारली नाही, सडलेल्या सोयाबीननं मारली नाही. ती मारणारा हात एकाचाच होता. क्लोरीनला आपण विचारू शकत नाही, ‘बाबा, तू असं का केलंस?’ भावाला विचारता येतं, आणि तो उत्तर देण्याच्या अवस्थेत आहे. माणूस आणि केंद्रक यांत हा फरक नसता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

दुसरा चुकीचा रस्ता जास्त गुळगुळीत आहे, आणि त्यावर आमच्याकडची निम्मी लग्नं चालतात. ‘लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल.’ बघा, हे वाक्य शेजाराच्या ताकदीवर पूर्ण विश्वास ठेवतं! फिजिक्सला धरूनच आहे ते. पाण्याचा एक रेणू शेजारी बसवा, पोराची वारंवारता खाली येईल. काकूच्या बहिणीनं हे माझ्यासमोर सांगितलं, चहा गाळता गाळता.

पण हायड्रोजन बंध एका टोकाला मोजायचा नसतो. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकाला असा बिघाडच नसतो, त्यामुळे त्याच्याकडून एनक्यूआर काही ऐकू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पाण्याऐवजी जड पाणी घेऊन क्षार बनवतात. त्यातल्या ड्यूटेरियमच्या केंद्रकाला बिघाड असतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूचंही ऐकू येतं. आणि तिथं दिसतं की बंध जितका जवळचा, घट्ट, तितका त्या ड्यूटेरियमचा स्वतःचा आकडा खाली येतो. ज्याच्याकडे झुकलं तोच बदलतो असं नाही. झुकणाराही बदलतो. साध्या पाण्यातही हे घडतच असणार, फक्त तिथं विचारायची सोय नव्हती.

त्या मुलीचं नाव मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दोन दिवस सगळी चर्चा भावाच्या आकड्याची चालली होती.

तिसऱ्या दिवशी मी आधी भावाला फोन केला. म्हणालो, तिच्या वडिलांनी विचारलंय, मी त्या आठ महिन्यांचं सांगणार आहे, आईचंही. तो बराच वेळ गप्प होता. मागं मोटारीचा आवाज येत होता, पाणी देत असावा. मग म्हणाला, “सांग. पण थांबलो तेही सांग.” काकूनं मात्र फोन ओढून घेतला. “घरचं घरात ठेवावं रे बाळा. मी कुठं तक्रार केली का कधी?” त्याचं उत्तर मी दिलं नाही. काकूनं तक्रार केली नाही म्हणून ते घडलं नाही असं होत नाही, आणि हे तिला सांगायचा अधिकार माझा आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. भिंतीच्या अलीकडे वाढलेल्यानं पलीकडचं उघडं करावं का? मी केलं, कारण पलीकडे आता आणखी एक माणूस राहायला जायच्या बेतात होता.

मुलीच्या वडिलांना मी विशेषण दिलं नाही. चांगला नाही, वाईट नाही. कुठल्या वर्षी काय झालं, तेव्हा घरात कोण होतं, कर्ज किती होतं, तो कधीपासून थांबला, काकांना आता कोण उठवतं-बसवतं, शेत किती, पाणी किती, हे सांगितलं. हेही सांगितलं की तुमची मुलगी आली तर काकांच्या अंथरुणाचं निम्मं काम तिच्याकडे येईल, आमच्याकडे ते न विचारता येतं. आणि हे सगळं तिला स्वतःला सांगा, तिला भावाशी एकटीनं बोलू द्या, असं म्हणालो.

ते म्हणाले, “ते सगळं ठीक आहे भाऊ. पण तुम्ही म्हणता तरी काय, पोरगा कसा हाये?”

मी म्हणालो, “काका, मी सांगितलं तेवढाच मला माहीत आहे.”

त्यांना ते आवडलं नाही. आवाजावरून कळलं. पण चार दिवसांनी त्यांच्या मुलीनं भावाला स्वतः फोन केला, पाऊण तास बोलली. काय बोलली हे भावानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचं नाव मात्र आता मला माहीत आहे.